वर्षभराचा टॅको मसाला

माझ्या हाताला चव आहे, असं माझ्या सासूबाईंनी एकदा तरी म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. (माणसानं इच्छा धरतानासुद्धा आपली ऐपत बघावी. मी बघितली नाही.)

त्याचं झालं असं. माझा मेव्हणा गोरख अमेरिकेत कॉम्प्युटरवर असतो आणि दर उन्हाळ्यात गावी येतो. दोन हजार तीन साली आला तो टॅको मसाल्याचं एक पाकीट घेऊन. बोरी बुद्रुकला, माझ्या सासुरवाडीच्या घरी, त्यानं मटकीची उसळ केली, तीत ते पाकीट रिकामं केलं, उसळ भाकरीत भरली, भाकरी दुमडली आणि म्हणाला, "हाच टॅको." सासूबाई, म्हणजे सारजाबाई, एरवी लग्नाच्या पंगतीतही नाक मुरडतात. त्या दोन भाकऱ्या संपवून म्हणाल्या, "पोराच्या हाताला लई चव हाय!"

मी आळेफाट्यावरच्या एका पतसंस्थेत क्लार्क आहे. इतकी वर्षं जावई असून सासूबाईंनी माझ्याबद्दल काढलेला सर्वांत गौरवाचा उद्गार म्हणजे, "पावणं शांत हायेत." त्यामुळे ती चव मला फार झोंबली. रिकामं पाकीट मी गुपचूप खिशात घातलं आणि पुढल्या एप्रिलमध्ये बायकोला जाहीर केलं, "तेजस्विनी, यंदा टॅको मसाला मी घरी करणार. आईंना खाऊ घालणार."

"तुम्ही? परवा बेसन समजून कणकेचं पिठलं केलंत."

"सगळे शोध असेच लागतात," मी म्हणालो.

पाकिटामागे सगळं छापलेलंच होतं. मिरची, जिरं, कांद्याची पूड, लसणाची पूड, मीठ, साखर. हे तर आपल्याच डब्यातलं! अडलं ते फक्त ओरेगानो नावाच्या परदेशी पाल्यावर. शेवटी आमच्या संस्थेतल्या सावळेरामनं पाकीट हुंगलं आणि सांगितलं, "ववा हाय राव. बिनधास्त टाका." मी ओवा आणला. (सावळेरामला बारमाही सर्दी असते, हे मला नंतर आठवलं.)

कांदा-लसूण चिरून मी गच्चीवर वाळवला. बोटांचा वास असा, की संस्थेत लोक मला पासबुक लांबूनच देऊ लागले. मग तेजस्विनी आईला आणायला माहेरी गेली, ती संधी साधून मी पावशेर माल डब्यात भरला आणि जानकूच्या डंकावर पोचलो. डंक म्हणजे मसाला कुटायचं यंत्र. उन्हाळ्यात तिथं बायकांचे नंबर लागलेले असतात.

जानकूनं डब्यात डोकावून पाहिलं. "येवढंच? भाऊ, ह्ये तर उखळाच्या बुडालाच चिकटंल. तुमच्या हाती काय येनार?"

"मग किती आणू?"

"मसाला वर्साचा करत्यात. वर्साचा आना."

"आन् माझ्या मसाल्याच्या आदी ह्यो नगं!" नंबरात बसलेल्या कोंडाबाई ओरडल्या. "वव्याचा वास मारतोय!"

वर्षाचा, ही गोष्ट मला एकदम पटली. आमच्याकडे मसाला वर्षाचाच करतात. आठवड्यापुरता मसाला करणाऱ्या घरात पोरगी द्यायलाही लोक कचरतील. तेवढी मिरची आणायची कुठून, हाही प्रश्न नव्हता. तेजस्विनीनं वर्षाच्या मसाल्यासाठी मिरची आणून, वाळवून, देठं काढून पोतं भरून ठेवलंच होतं. ती मिरची कांडायचीच होती, मी कांडली, म्हणजे उलट तिचं एक काम वाचलं! या उदात्त विचारानं मी पोतं मोटरसायकलवर टाकलं, वाटेत त्याच हिशेबानं ओवा आणि साखर घेतली, आणि कोंडाबाईंच्या नंतरचा नंबर लावला.

दुसऱ्या दिवशी माय-लेकी आल्या. सासूबाई खास मसाल्यासाठी आल्या होत्या. गोरख परत जाताना दर वर्षी आईचा मसाला नेतो. त्याचं तिकडचं सगळं जेवण त्या मसाल्यावर उभं असतं.

"अहो, मिरचीचं पोतं कुठंय?" तेजस्विनीनं विचारलं.

"झालं."

"काय झालं?"

"मसाला."

सासूबाईंनी डबा उघडला, चिमूटभर जिभेवर ठेवला, आणि माझ्याकडे वळल्या.

"पावणं, कुनाचं पोट दुखतंय का?"

"नाही. टॅको..."

"आई, हा माणूस वर्षभर शांत असतो," तेजस्विनी रडवेली होऊन म्हणाली, "आणि मग एकदाच असं करतो!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवी मिरची आणावी, तर वळवाचे ढग गच्चीवर ठाण मांडून बसलेले. वाळवणार कशी? शेवटी सासूबाईंनी पदर खोचला, धने-खोबरं भाजलं, कुटलं आणि माझ्याच मसाल्यात कालवलं. "गोरखला कुनी सांगायचं न्हाई," त्यांनी दम भरला.

गोरख आला. मी मोठ्या आशेनं भाकरी दुमडून त्याच्यासमोर ठेवली. त्यानं ती उलगडून पाहिली आणि त्याचा चेहराच पडला. "दाजी, तिकडं वर्षभर ह्येच खातो हो. मासवडी नाय का केली?"

मासवडी झाली. रस्सा अर्थातच त्याच मसाल्याचा. गोरखनं भुरका मारला आणि थबकला. "आई, यंदा जरा येगळा लागतोय."

"हवामान बदाललंय," सासूबाई म्हणाल्या.

अशा रीतीनं जगातला बहुधा पहिलाच टॅको मसाला उलट्या पावली अमेरिकेला परत गेला. दोन मोठ्या बरण्या! विमानतळावर कुणी हुंगला असता, तर ओव्याच्या वासानं त्याचं निदान पोट तरी साफ झालं असतं.

महिन्याभरानं गोरखचा फोन आला तेव्हा सासूबाई आमच्याकडेच होत्या. मी रिसीव्हरला कान लावून त्यांच्या शेजारी उभा राहिलो.

"आई, मसाला भाजीत काय जमंना," गोरख म्हणाला. "पन माझं पोट किती वर्सं बिघडल्यालं व्हतं! ह्यो चिमूटभर कोमट पान्यात घेतला की एकदम मोकळं. हापिसातली लोकंबी मागून नेत्यात. काय घातलंस यात?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मला प्रथमच काहीतरी मऊ दिसलं. "मी न्हाई रं," त्या म्हणाल्या. "तुज्या दाजीनं केलाय."

बातमी भावकीत पसरायला वेळ लागला नाही. आता रविवारी आमच्या ओट्यावर कोंडाबाईंसकट सगळे वाट्या घेऊन येतात. सासूबाई स्वतः चमचा धरून बसतात आणि मी ऐकेन अशा बेतानं प्रत्येकाला सांगतात, "आमच्या पावन्यांच्या हाताला लई गुन हाय. फकस्त भाजीत घालू नगा."