अर्धा बदाम

‘मी बघतो’ असं जावकभाऊ फोनवर बोलून गेले आणि सगळं तिथून सुरू झालं. खरं तर आजवर त्यांनी जे जे ‘मी बघतो’ म्हणून अंगावर घेतलं होतं (गळका नळ, शिवणयंत्राचा पट्टा, मुलीच्या लग्नाचे फोटो) ते शेवटी बायकोलाच बघावं लागलं होतं. पण या खेपेला बायको बघायला जवळ नव्हती. मुळात दुखणं तेच होतं.

जावकभाऊ हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कचेरीत ते आवक-जावकच्या टेबलावर बसायचे. आलेला कागद आवक, गेलेला कागद जावक, दोन्हींवर शिक्के मारून हात निळे करून घ्यायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोची, म्हणजे गणिताच्या बाईंची, लांबच्या गावातल्या शाळेत बदली झाली. तेव्हापासून कचेरीतल्या मंडळींनी आवक गाळून नुसतं जावक ठेवलं. बाई तिथे खोली घेऊन राहायच्या, एका शनिवाराआड घरी यायच्या आणि रविवारी संध्याकाळी परत जायच्या. मुलगी लग्न होऊन आपल्या घरी गेलेली. राहता राहिले जावकभाऊ आणि सवयीने दोन कपांचा होणारा चहा. दोन्ही कप तेच प्यायचे आणि मग रात्री झोप लागत नाही म्हणून चहाला बोल लावायचे.

बाई घरात होत्या तेव्हा त्यांच्या हातातलं लाल पेन कधी खाली ठेवलं जायचं नाही. वह्या तपासून झाल्या की त्या किराण्याची यादी तपासायच्या. जावकभाऊंनी ‘साबन’ लिहिलं की त्याच्याभोवती लाल गोल, बाजूला ‘साबण’, आणि वर ‘किती वेळा सांगायचं!’ तेव्हा त्यांना या गोलाचा भारी राग यायचा. आता कितीही साबन आणला तरी कुणी विचारत नव्हतं. एकदा त्यांनी मुद्दाम साबन, तांदुळ, मेनबत्ती अशी झकास यादी करून फ्रिजवर लावून ठेवली. शनिवारी बाई आल्या त्या बसने अंग आंबून आल्या होत्या; यादीकडे न बघताच झोपल्या. जावकभाऊंना त्या रात्री फार एकटं वाटलं.

तर तो फोन.

“अहो, वरच्या वर्गाला ग्राफिंग कॅल्क्युलेटर लागणार आहेत,” बाई म्हणाल्या. “इथे दुकानात मिळत नाहीत. मुलांना परवडेल असा कुठला ते आधी बघायला हवं, नाहीतर अर्धा वर्ग दुसऱ्याच्या खांद्यावरून डोकावत बसेल. कुणाला सांगू?”

“मी बघतो.”

“तुम्ही?”

“म्हणजे काय? कचेरीत आम्ही काय बोटं मोजतो?”

“साधा नव्हे हो. ग्राफिंग. आलेख काढणारा.”

“हो हो, आलेखवालाच.”

बाईंनी ते तेवढ्यावर सोडलं. मग म्हणाल्या, “आणि शाळेच्या मोठ्या बाई विचारत होत्या, अजून तीन वर्षं इथेच राहाल का म्हणून. सोमवारपर्यंत सांगायचंय. काय सांगू?”

‘राहायचं नाही, सरळ घरी ये’ हे वाक्य जावकभाऊंच्या गळ्यापर्यंत आलं होतं. पण माणसाने इतकी वर्षं प्रत्येक कागदावर ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असं लिहून तो पुढे ढकललेला असला, की ऐन वेळी तोंडातून दुसरं काय निघणार?

“तुला योग्य वाटेल तसं कर,” ते म्हणाले.

“बरं,” बाई म्हणाल्या आणि फोन बंद झाला. कपाळावर शिक्का मारून घ्यावा असं जावकभाऊंना वाटलं.

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर ते वह्या-पुस्तकांच्या दुकानात गेले. दुकानदाराने काचेवर एक चकचकीत वस्तू ठेवली.

“हा रंगीत. एकावर एक हव्या तेवढ्या रेषा काढतो. लाल, निळी, हिरवी.”

किंमत ऐकून जावकभाऊंनी तो दोन्ही हातांनी अलगद परत ठेवला. “मुलांना परवडेल असा दाखवा.”

“मग हा घ्या. काळा-पांढरा आहे. ग्राफ काढतो, पण एका वेळी एकच.”

“एकच म्हणजे?”

“दुसरा काढलात की पहिला जातो.”

“जाऊ दे की,” जावकभाऊ उदारपणे म्हणाले. “आमच्या कचेरीत एका वेळी एक काम झालं तरी साहेब पाठ थोपटतात.” आणि नमुन्यादाखल एक घेऊन ते घरी आले.

सोबतचं माहितीपत्रक मुंगीनेही चष्मा मागावा इतक्या बारीक अक्षरांत होतं. तरीही दोन कप चहाच्या बळावर त्यांनी एक समीकरण आत घातलं. पडद्यावर एक ठिपका उमटला, मग दुसरा, आणि बघता बघता एक रेघ या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेली. जावकभाऊ एकदम हरखले. “अगं, हे बघ!” असं म्हणून त्यांनी स्वयंपाकघराकडे मानही वळवली. तिथे अर्थातच कुणी नव्हतं.

तेव्हा त्यांना आलेखाच्या कागदाची ती गोष्ट आठवली. लग्न ठरल्यावर एकदा दोघं बागेत बसली होती. बाईंनी पर्समधून आलेखाचा कागद काढून त्यांच्या हातात ठेवला. वर पेन्सिलीने काढलेली एक आकृती होती. जावकभाऊंनी कागद आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला, आणि म्हणाले, “छान आहे. पेरू आहे का?”

“पेरू नाही,” बाई म्हणाल्या होत्या. “बदाम. पत्त्यांतला. हा एका समीकरणात बसत नाही, दोन लागतात. वरच्या अर्ध्याचं एक आणि खालच्या अर्ध्याचं दुसरं.”

“वा, वा,” जावकभाऊ म्हणाले होते आणि त्यांनी शेंगदाण्यांची पुडी पुढे केली होती. बाई काय म्हणत होत्या ते त्यांच्या डोक्यात शिरलं घरी पोहोचून चपला काढताना. तो बदाम त्यांनी बाईंना कधी परत केला नव्हता. आता मात्र करायचा, त्यांनी ठरवलं. शनिवारी बाई येतील, टेबलावर कॅल्क्युलेटर असेल, त्यावर बदाम असेल. बाई बघतील आणि समजतील. आपल्याला तोंड उघडायलाच नको! (जावकभाऊंच्या सगळ्या योजनांचा पाया हाच असायचा.)

अडचण एवढीच, की समीकरणं त्यांना आठवत नव्हती. त्यांनी फोन लावला.

“अगं, तो बदाम कसा काढायचा?”

“बदाम? कशातून काढायचाय?”

“कशातून नाही गं. आपला बदाम. पूर्वीचा.”

“आपल्याकडे कुठे होते बदाम? डब्यात सापडला का?”

“म्हणजे… खूप वर्षांपूर्वीचा. तू दिला होतास.”

“खूप वर्षांपूर्वीचा? अहो, मग खवट झाला असेल तो! टाकून द्या. तोंडात घालू नका,” बाई म्हणाल्या. “माझा तास आहे, ठेवते.”

खवट झाला असेल हे शब्द जावकभाऊंच्या जिव्हारी लागले. रात्रीच्या जेवणात त्यांचं मन नव्हतं.

समीकरणं शेवटी इंटरनेटवर मिळाली. ती आत घालताना यंत्राने त्यांना इतक्या वेळा ‘एरर’ दाखवला, की असा चिकित्सक माणूस आपल्या कचेरीत ऑडिटला हवा असं त्यांना वाटून गेलं. कुठे कंस उघडला तर मिटवायचा राहिला, कुठे वजाबाकीचं चिन्ह निसटलं. पण अखेर वरचा अर्धा उमटला. शेजारी शेजारी दोन गुबगुबीत टेकड्या. डोळे भरून त्या पाहिल्यावर त्यांनी खालच्या अर्ध्याचं समीकरण घातलं. टेकड्या पुसल्या गेल्या आणि त्या जागी गाळणीसारखं काहीतरी आलं.

पुन्हा टेकड्या काढल्या, गाळणी गेली. गाळणी काढली, टेकड्या गेल्या. दुकानदार काय म्हणाला होता ते आता त्यांना कळलं. (आयुष्यातल्या महत्त्वाच्या गोष्टी त्यांना घरी पोहोचल्यावरच कळायच्या.) एक आलं की दुसरं जायचं. ते स्वतःशीच म्हणाले, “या घरासारखंच आहे हे यंत्र.” तरी टेकड्या पुन्हा काढून, उगाच उमाळा येऊन, त्यांनी बाईंना मेसेज केला: ‘अर्धा बदाम झाला. उरलेला अर्धा तू आल्यावर.’

थोड्या वेळाने उत्तर आलं: ‘बरे आहात ना?’

ते वाचून त्यांना इतकं बरं वाटलं की शुक्रवारी ते तडक दुकानात गेले आणि तसाच आणखी एक कॅल्क्युलेटर घेऊन आले. एकात टेकड्या, दुसऱ्यात गाळणी. एक वर, एक खाली, असे चिकटवून ठेवले की झाला बदाम! मध्ये वरच्याच्या बटणांचा पसारा येत होता, पण प्रेमात एवढं चालतं.

शनिवारी संध्याकाळी बसच्या वेळेला त्यांनी टेबल पुसलं, दोन्ही यंत्रं मांडली आणि लक्षात आलं, की जरा वेळ बोट लावलं नाही तर ही यंत्रं बॅटरी वाचवायला आपोआप झोपतात. मग जावकभाऊ खुर्ची ओढून बसले. वरच्याचं बटण दाबायचं, खालच्याचं बटण दाबायचं. बस उशिरा येत होती. घशाला कोरड पडली तरी ते पाण्याला उठले नाहीत. बाई दारात येतील तेव्हा बदाम अख्खा दिसला पाहिजे, आणि त्यांनी तो पाहिला की सोमवारी तिकडे ‘नाही’ म्हणून सांगितलं पाहिजे. नाहीतर आणखी तीन वर्षं दोन कप चहा. या विचाराने ते शिक्के मारावेत तशी बटणं मारत होते.

बेल वाजली. ते धावले. बाईंच्या खांद्यावरची पिशवी काढून घेताना ती खुंटीत अडकली, खुंटी निघाली, पिशवी पडली. ते सगळं आवरून बाईंना हाताला धरून आत आणेपर्यंत टेकड्या झोपल्या होत्या. उरली होती नुसती गाळणी.

“हाच का तो?” बाईंनी चष्मा सारखा करत तो खालचाच उचलला. “स्वस्त आहे ना? यावर एका वेळी किती आलेख येतात?”

“एक.”

“एकच? मग काय उपयोग! अहो, मला मुलांना दोन रेषा एकमेकींना कुठे भेटतात तेच तर दाखवायचंय. यात त्या कधी भेटणारच नाहीत.”

“भेटत नाहीत!” जावकभाऊ एवढ्या मोठ्याने म्हणाले की त्यांचे तेच दचकले. “तेच तर सांगतोय मी! एक येते तेव्हा दुसरी गेलेली असते. शनिवारी ये, रविवारी जा. मला नाही जमत आता. तू तीन वर्षं राहू नकोस तिथे. तू घरी ये. मला तुझ्याशिवाय करमत नाही, साबनसुद्धा… साबणसुद्धा आणावासा वाटत नाही.”

बाईंनी कॅल्क्युलेटर टेबलावर परत ठेवला.

“हे फोनवर सांगायला काय झालं होतं?”

“फोनवर ते… योग्य वाटेल तसं कर, असं निघालं.”

बाईंनी पिशवी उघडली आणि एक भलं मोठं पुडकं काढून टेबलावर ठेवलं. बदाम होते.

“हे काय?”

“काय म्हणजे? जुने खवट बदाम शोधताय, अर्धा आज, अर्धा मी आल्यावर! मला वाटलं माणसाच्या खाण्यापिण्याची दशा झाली. मी कालच मोठ्या बाईंना ‘नाही’ म्हणून सांगून टाकलं.”

जावकभाऊ मटकन खुर्चीत बसले. आनंदाने त्यांना हसावं की रडावं कळेना. “कारण काय सांगितलंस?”

“खरं ते सांगितलं. म्हटलं, घरी माणूस एकटा आहे आणि त्याच्या डोक्याचं आता काही खरं नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, मग तुम्ही जायलाच हवं.” बाईंनी पुडकं त्यांच्यापुढे सरकवलं. “रोज भिजवून खायचे. आणि कॅल्क्युलेटरचं मी बघते.”

मग मात्र जावकभाऊंनी सगळं सांगितलं. बाग, आलेखाचा कागद, टेकड्या, गाळणी, दुसरं यंत्र. (“दोन घेतलेत? एवढ्यात एक बरासा आला असता!” हे मध्ये झालंच.) त्यांनी वरच्या यंत्राचं बटण दाबलं. ठिपका ठिपका करत टेकड्या उगवल्या. त्यांनी दुसरं यंत्र त्याला खालून चिकटवलं आणि बाईंकडे पाहिलं.

बाई वाकल्या. त्यांनी ते उभं पाहिलं, मान वाकडी करून आडवं पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते, आवाज मात्र वर्गातला होता.

“छान आहे,” त्या म्हणाल्या. “पेरू आहे का?”