साळूबाईंचा भोपळा

एका जंगलात, बाळांनो, एक शाळा होती. ती रोज भरायची आणि तिथे शिकवतही असत, म्हणजे गोष्ट फार जुनी आहे.

शाळेत साळूबाई नावाची साळिंदर गणित शिकवायची. तिची नोकरी अजून कायम झाली नव्हती, म्हणून ती मन लावून शिकवायची.

जंगलात जवळ एक तळे होते आणि लांब एक झरा. तिन्हीसांजेला तळ्यावर वाघ असेलच असे नव्हते, पण बहुतेक वेळा असायचा. आता ‘बहुतेक’ म्हणजे किती, हे पाडसांना कसे कळावे? बाईंनी एक वाळका भोपळा पोखरला. त्यात सात काळे खडे टाकले, तीन पांढरे. काळा म्हणजे वाघ. पाडसांनी डोळे मिटून खडा काढायचा, बघायचा, परत टाकायचा.

हरिणीच्या टिपरी नावाच्या पाडसाला पहिल्याच दिवशी पांढरा खडा मिळाला. तिने थोडा विचार केला.

“बाई, आज पांढरा आला म्हणून उद्या पांढराच येईल असं नाही ना?”

बाईंना इतका आनंद झाला की त्या दिवशी त्यांनी गृहपाठच दिला नाही. पाडसे मुकाट्याने लांबच्या झऱ्यावर जाऊ लागली.

मग तपासणीला मोरसाहेब आले. साहेब उंच झाडावर राहत, त्यामुळे त्यांची दृष्टी व्यापक होती. त्यांना भोपळा फार आवडला. त्यावर वेलबुट्टी काढा म्हणाले. मात्र आतले काळे खडे पाहून त्यांचा पिसारा मिटला. अशाने मुलांच्या कोवळ्या मनावर परिणाम होतो, शिवाय अहवालात सात काळे बरे दिसत नाहीत, असे त्यांचे मत पडले.

साळूबाईंच्या अंगभर काटे होते, पण साहेबांसमोर ते उभे राहत नसत. बाईंनी काळे खडे काढले आणि पांढरे भरले.

संध्याकाळी साहेबांच्या देखत टिपरीने पुन्हा पुन्हा खडा काढला. सगळे पांढरे. ती तळ्याकडे निघाली. बाई हळूच म्हणाल्या, “झऱ्यावर जा गं.”

“कशाला, बाई? काळा निघतच नाही, म्हणजे वाघ येतच नाही. तुम्हीच शिकवलंत.”

उत्तर अगदी बरोबर होते. बाईंनी साहेबांकडे पाहिले आणि मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी टिपरीची जागा रिकामी होती. साहेब ‘शंभर टक्के सुरक्षित शाळा’ असा फलक घेऊन आले. ती जागा रिकामी का, असे त्यांनी विचारले. बाईंनी रडत रडत सगळे सांगितले.

साहेबांनाही वाईट वाटले.

“पटावरून नाव कमी करा,” ते म्हणाले. “म्हणजे हजेरीही शंभर टक्के होईल.”

त्याच महिन्यात साळूबाई कायम झाल्या.

तात्पर्य : शैक्षणिक साधन असे असावे, की ते पाहून मुले घाबरू नयेत, साहेब अडचणीत येऊ नयेत आणि वाघाचीही काही तक्रार राहू नये.