वीस घोडे आणि मागचा दिवा

"वीस घोडे! पुष्कळ झाले!" रीडिंगराव म्हणाले आणि नव्या मोटरसायकलच्या टाकीवर त्यांनी अशी थाप मारली, जणू गाडी कारखान्यातून नाही, त्यांच्या पोटातून आली होती.

रीडिंगराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मीटर तपासायचे आणि जगातली प्रत्येक गोष्ट आकड्यांत सांगायचे, म्हणून कचेरीने त्यांना ते बहाल केलं होतं. बायकोने चहा पुढे केला, तरी "साखर दीड चमचा, बरोबर?" असं विचारणारा माणूस!

गाडी कोरी करकरीत, पण थाट आजोबांच्या तरुणपणातला. गोल दिवा, तारांची चाकं, चकचकीत टाकी, तपकिरी सीट. मेहुण्याने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि नाक मुरडलं.

"भाऊजी, वीसच? माझ्या गाडीला चाळीस आहेत. ही म्हणजे नटवलेली म्हैस झाली!"

"अरे, जुन्या थाटाच्या गाडीला पळायचं नसतं, मिरवायचं असतं. वीस म्हणजे वीस. एकविसावा घोडा मला दारातसुद्धा नको!"

हा बाणा रीडिंगरावांनी बरोबर चौदा दिवस टिकवला.

त्यांची कचेरीची वाट तलावाच्या बांधावरून जायची. सात किलोमीटर. डावीकडे पाणी, उजवीकडे उतार, आणि थंडीत सकाळी सात वाजता असं धुकं, की हात लांब केला तर तो दुसऱ्याचाच वाटावा. बाराव्या दिवशी त्यांनी सहज आरशात पाहिलं. मागे एक पिवळा दिवा होता. गोल, मंद, अगदी त्यांच्याच गाडीसारखा.

त्यांनी वेग कमी केला. दिव्याने कमी केला. त्यांनी वाढवला. दिव्याने वाढवला. "जा बाबा पुढे!" म्हणून त्यांनी हात दाखवला. दिवा पुढे आला नाही. शेवटी ते थांबले, तर मागची डुग-डुग-डुगही थांबली. पाण्यावर चिटपाखरू नाही. रीडिंगरावांना स्वतःच्या हेल्मेटमध्ये स्वतःचाच श्वास ऐकू यायला लागला आणि तो आपला नसावा असं वाटायला लागलं.

बांध संपला, धुकं सरलं, त्यांनी धीर करून मागे वळून पाहिलं. रस्ता मोकळा! ना दिवा, ना गाडी.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी त्यांनी बायकोला मागे बसवलं.

"भास असेल हो तुमचा," ती निघताना म्हणाली. "दिवसभर मीटरच्या काचेत डोळे घालून बसता!"

बांधावर अर्धी वाट गेली असेल. तिची पकड त्यांच्या कोटावर एकदम घट्ट झाली.

"अहो..."

"काय?"

"आहे हो. दिवा आहे."

"माणूस दिसतोय का वर?"

"नाही ना! नुसता दिवाच येतोय." आणि मग अगदी कानाशी, "अहो, पळवा ना! वीस घोडे काय झोपलेत का?"

रीडिंगरावांनी पळवली. निदान त्यांना तरी तसं वाटलं. दिवा तेवढ्याच अंतरावर, आरशाला चिकटवल्यासारखा! त्या दिवशी बायको बांधाच्या टोकाला उतरली आणि घरी मोठ्या रस्त्याने, दोन बस बदलून गेली.

त्याच संध्याकाळी रीडिंगराव मिस्त्रीणबाईंच्या गॅरेजमध्ये हजर! तीस वर्षं इंजिनं उघडून बाईंचे हात तेलाने काळे आणि बोलणं कोरडं झालं होतं.

"जोर वाढवून द्या."

"कशाला? या गाडीला वीस भरपूर आहेत. तुम्ही चालवता किती वेगाने?"

"वेगाने म्हणजे... भयंकर!"

"काट्यावर किती?"

आयुष्यात पहिल्यांदा रीडिंगरावांकडे आकडा नव्हता. चार दिवस त्यांनी आरशावरून नजर हलवली असती, तर काटा दिसला असता ना! "तीस घोडे करा," ते घाईने म्हणाले. "जमलं तर पस्तीस."

बाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं, गाडी आत घेतली आणि दोन तासांनी बाहेर आणली. किक मारताच अशी डरकाळी फुटली, की समोरच्या दुकानातला माणूस हातातल्या बरणीसकट खाली बसला. रीडिंगरावांची छाती दोन इंच फुगली.

सकाळी बांधावर धुकं नेहमीपेक्षा दाट होतं. दिवा आला. रीडिंगराव हसले. "ये बेट्या!" म्हणाले आणि त्यांनी मूठ पूर्ण पिळली.

गाडी गरजली. पाण्यावर कुठेतरी पाखरं फडफडली. समोर वळण आहे, हे रीडिंगरावांना पाठ होतं. फक्त ते इतक्या लवकर येतं हे ठाऊक नव्हतं. ओल्या रस्त्यावर मागचं चाक सटकलं, गाडी गवतावरून घसरत निघाली आणि पुढचं चाक पाण्यात घालून उभीच्या उभी थबकली. इंजिन बंद. दिवे बंद. तलावाचं काळं पाणी त्यांच्या बुटांत हळूच शिरलं.

मग वरून आवाज आला. डुग... डुग... डुग. थांबला. गवतात पावलं वाजायला लागली. एकेक पाऊल टाकत, घाई न करता, कुणीतरी खाली येत होतं. रीडिंगरावांनी ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज सायलेन्सरमधून निघून संपला असावा.

धुक्यातून एक उंच आकृती उमटली. तोंडाला मफलर, डोक्याला कानटोपी, मधे नुसते दोन डोळे. ती वाकली आणि खोल आवाजात म्हणाली,

"दिवा का विझवलात?"

"नको! मला सोडा! मला बायको आहे!" रीडिंगराव किंचाळले.

"मलापण आहे," आकृती म्हणाली. "म्हणून तर सांभाळून येतो. हात द्या."

मफलर खाली आला. आत पांढऱ्या मिशांचे एक आजोबा होते! बांधाच्या टोकाला असलेल्या रोपवाटिकेतले माळीबाबा. बांध संपायच्या आधीच धुक्यात त्यांचं फाटक यायचं आणि ते आत वळायचे.

"माझ्या गाडीचा दिवा काजव्याएवढा," ते सांगायला लागले. "रस्त्याची कड दिसत नाही. तुमचा मागचा लाल दिवा मात्र झकास! चार दिवस त्याच्याच आधाराने येतोय. तुम्ही थांबलात की वाटायचं, पुढे काही आडवं असेल. मग मीपण थांबायचो."

"पण मी एवढा पळवत होतो! तुम्ही गाठलंत कसं?"

"पळवत?" माळीबाबा विचारात पडले. "साहेब, आजचा दिवस सोडला तर तुम्ही ताशी तिसाच्या वर गेलाच नाहीत. माझी साठ वर्षांची म्हातारी आहे, आठ घोड्यांची. तुमची जुन्यासारखी आहे, माझी जुनी आहे."

त्या आठ घोड्यांनी दोर बांधून रीडिंगरावांची गाडी पाण्यातून वर ओढली. संध्याकाळी मिस्त्रीणबाईंनी तिच्यातला चिखल काढला आणि सायलेन्सरमधली जाळी परत बसवली.

"आणि वाढवलेले घोडे?" रीडिंगरावांनी चाचरत विचारलं.

"कसले घोडे? जाळी काढून आवाज वाढवला होता फक्त. तुम्हाला तेवढाच धीर हवा होता."

त्यानंतरची सकाळ रीडिंगरावांच्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची. मागे पिवळा दिवा आला, तसे ते चक्क शीळ घालायला लागले. मधे एकदा त्यांनी हातही हलवला. आज बाबांना नीट फाटकापर्यंत पोचवू, मग पुढे जाऊ, असं ठरवून ते रोपवाटिकेसमोर थांबले. मागची डुगडुगही थांबली.

"या बाबा, पोचलात!" त्यांनी मागे न बघताच हाक दिली.

"आलात साहेब? आज उशीर झाला का?"

आवाज पुढून आला. माळीबाबा फाटकात उभे होते, हातात पाण्याची झारी. त्यांच्या पाठीमागे त्यांची म्हातारी भिंतीला टेकून उभी होती. तिचं मागचं चाक पार सपाट बसलेलं.

"काल संध्याकाळी पंक्चर झाली," ते म्हणाले. "आज पहाटेच चालत आलो."

रीडिंगराव वळले. माळीबाबांनीही मान उंचावून पाहिलं. बांधावर, ठरल्या अंतरावर, पिवळा दिवा उभा होता. मग दिवा हळूच जवळ यायला लागला.

झारी खाली पडली.

"साहेब," माळीबाबा म्हणाले, "तुमच्या गाडीला किती घोडे म्हणालात?"

"वी... वीस."

"दोघांना पुरतील का?" असं विचारता विचारता ते मागच्या सीटवर बसलेसुद्धा होते.

रीडिंगरावांनी या प्रश्नाचं उत्तर दिलं, तेव्हा ते दोघेही कचेरीच्या फाटकात पोचले होते.