राणीचे ढोबळे काका

आमचे शेजारी ढोबळे काका खारींशी हिंदीत बोलतात. सकाळी आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात, राइट टाउनच्या गल्लीतून त्यांची राणी नावाची शिकारी जातीची कुत्री त्यांना ओढत नेत असते आणि काका प्रत्येक झाडाखाली अदबीनं हाक देतात, "मॅडमजी, जरा ऊपर हो जाइए, हम लोग निकल रहे हैं." घरी मराठी आणि खारींशी हिंदी का, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "अहो, त्या इथल्याच ना जी! त्यायले मराठी कुठं समजते?"

राणी म्हणजे नुसते पाय आणि बरगड्या. स्वभावानं गरीब, पोरांनी शेपूट ओढली तरी तक्रार नाही. मात्र काहीही पळताना दिसलं की तिचं डोकं बंद आणि पाय चालू. मांजर, कबुतर, वाऱ्यानं उडालेली पिशवी, तिला सगळं सारखंच. तिला अंगणात सोडण्याआधी काका बाहेर येऊन ताट बडवतात, म्हणजे मांजरांना भिंतीपलीकडे जायला वेळ मिळतो. कुणी कुरकुर केली की ठरलेलं उत्तर, "तिच्यावर काहून रागावता जी? तिच्या खुनातच दौड आहे. पट्टा माझ्या हातात, तर गुन्हाही माझाच."

नदीकाठी ग्वारीघाटावर एकदा राणीला कबुतर दिसलं आणि पट्ट्यासकट काका थेट फुलवालीच्या टोपलीत जाऊन पडले. शरमेनं त्यांनी सगळा झेंडू विकत घेतला. काकू रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी दुपारभर बसून हार केले आणि पहिला राणीच्याच गळ्यात घातला. काकू अशाच होत्या. दारात पार्सल घेऊन आलेला माणूससुद्धा चहा घेतल्याशिवाय सुटत नसे. त्यांचा एकच कायदा होता: जेवताना मुक्या जिवाला बांधून ठेवायचं नाही. काका तो पाळत. आधी दारं-खिडक्या लावून घेत, एवढंच.

गेल्या वर्षी काकू गेल्या.

परवा पितृपक्षात त्यांचं पहिलं श्राद्ध झालं. वडे मीच तळणार, असं म्हणत काका हट्टाला पेटले. निम्मे करपले, उरलेले आम्ही दोघांनी गच्चीवर नेले. कठड्यावर कावळ्यासाठी पान वाढलं, खाली राणीचा घास ठेवला. कावळा समोरच्या टाकीवर बसून होता, पण काही केल्या येईना. काका हात जोडून उभे. इकडे कोपऱ्यात बांधलेली राणी आपल्या घासाकडे पाहून कुंईकुंई करू लागली.

"बांधून जेवू घातलेलं तुमच्या काकूले आवडत नव्हतं," काका म्हणाले आणि त्यांनी पट्ट्याचा हुक काढला.

नेमका तेव्हाच कावळा उतरला. राणीनं घासाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एक उडी, पान उलटं, खीर भिंतीवर, आणि कावळा चोच न लावताच उडून गेला.

मला आधी हसू फुटलं. मग काकांचा चेहरा दिसला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका, चोच लागली होती. मी पाहिलं," मी म्हणालो.

"झूठ नका बोलू जी." ते खाली बसून सांडलेली खीर हातानं गोळा करत होते. "जिंदगीभर तिनं या घरातून कोणाले उपाशी जाऊ दिलं नाही. अन् आज तिलेच मी उपाशी पाठवलं."

मग ते उठले. खाली जाऊन नवं पान वाढून आणलं. पट्टा पुन्हा लावला, दोनदा मनगटाभोवती गुंडाळला आणि राणीला छातीशी दाबून कठड्यापासून लांब जाऊन बसले. टाकीवर आता काहीच नव्हतं. बराच वेळ मीही थांबलो. शेवटी जिना उतरू लागलो, तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, अगदी हळू, आर्जवी.

"ये ना वं. आता पक्की धरून आहो मी तिले."