जेवणाआधीची डिव्हिजन

इतिहासाविषयी समाजात आस्था असतेच. फक्त ती जेवणाआधी गोळा करावी लागते. आमच्या स्टॅनमोरच्या मराठी मंडळाने हे ओळखून, व्याख्यान संपेपर्यंत जेवणाच्या हॉलला कुलूप लावण्याचा ठराव एकमताने संमत केला. (किल्ली सेक्रेटरीकडे, म्हणजे माझ्याकडे असते.) तेव्हापासून श्रोत्यांची उपस्थिती समाधानकारक आहे.

यंदाचे वक्ते डॉ. कमलाकर, निवृत्त भूलतज्ज्ञ. निवृत्तीपासून ते दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत सैन्याच्या एका पायदळ डिव्हिजनचा इतिहास लिहीत आहेत. नवरा गोल्फला तरी जात नाही, यात त्यांच्या पत्नी शैलाताई समाधानी आहेत.

स्टेजवर जाताना डॉक्टरांनी माझा दंड धरला. "सेक्रेटरी, एक तरी जेन्युइन प्रश्न यायला हवा हो. बाकी काही नको मला."

मी कमिटीतर्फे आश्वासन दिले.

व्याख्यान खरोखर चांगले झाले. डिव्हिजन पहिल्याच हिवाळ्यात वेढ्यात सापडली आणि संपली. वरिष्ठांनी काही महिन्यांनी नवी पोरे गोळा केली आणि त्यांना तोच नंबर दिला. तीही संपली. पुन्हा नंबर तोच, पोरे नवी. (पद्धत आम्हाला अपरिचित नाही. मंडळही दोनदा फुटून त्याच नावाने उभे राहिले आहे. निमित्त मात्र मोदकांच्या कंत्राटाचे होते.)

"कागदावर एकच डिव्हिजन," डॉक्टर म्हणाले, "पण शेवटच्या पोरांना पहिल्यांची नावंसुद्धा ठाऊक नव्हती." मग त्यांनी विचारले, "काही प्रश्न?"

मागच्या रांगेत एक हात वर झाला. स्वाती, पुण्याहून नुकतीच आलेली सॉफ्टवेअरवाली. डॉक्टर उत्साहाने पुढे वाकले.

"काका, कार पार्कमधली ती ब्लू कार तुमची आहे का? माझी ब्लॉक झालीय."

"हो, माझीच. आणखी काही?"

आणखी काही नव्हते. मी कुलूप काढले. वार्षिक अहवालात 'श्रोत्यांशी मनमोकळा संवाद' अशी नोंद आहे.

गाडी हलवून डॉक्टर बटाटेवड्यांच्या रांगेत माझ्या मागे येऊन उभे राहिले. "डिव्हिजनचा नंबर भाषणात मुद्दामच सांगितला नाही मी," ते हळूच म्हणाले. "म्हटलं, निदान तेवढं तरी कोणी विचारेल."

मला वाईट वाटले, अगदी मनापासून वाटले. पण तेवढ्यात रांग पुढे सरकली, आणि मीही विचारला नाही.

तुम्ही हसू नका. तुमच्यापुढे तर वडेही नव्हते. इथवर वाचताना तुम्ही तरी कुठे विचारलात?