एक घर सरकलेला हत्ती

निजामाच्या अमलात, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, भूम गावात बुद्धिबळ म्हटलं की कल्याणप्पा! निदान खुद्द कल्याणप्पांचं तरी असंच म्हणणं होतं. खाली त्यांचं कापडाचं दुकान आणि वर माडीवर बुद्धिबळ मंडळ. गिऱ्हाईक खालून "शेटजी, धोतरजोडी!" म्हणून घसा फोडायचं आणि शेटजी वर कुणाच्या तरी राजाला कोंडीत धरून बसलेले असायचे.

त्या साली मंडळानं सामने ठेवले. शेवटच्या डावाला कल्याणप्पांसमोर बसले येरमाळ्याचे बलभीम अण्णा. साठी उलटलेला शेतकरी गडी, बोलणं कमी, बघणं जास्त. पंच म्हणून तहसिलीतले पेशकारसाहेब आले होते आणि जिंकणाऱ्याला ते स्वतःच्या हातानं जरीचा फेटा बांधणार होते.

"नुसतं जिंकायला काय लागतं?" कल्याणप्पा माडीभर ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले. "मी दोन्ही हत्ती शाबूत ठेवून मात देणार! एक जरी हत्ती पडला तर भर बाजारात मिशी उतरवीन!"

"आमचं दाजी म्हंजी वाघ हाय, वाघ!" त्यांचा मेहुणा बंडप्पा ओरडला. त्याला बुद्धिबळातला घोडा आणि टांग्याचा घोडा यांतला फरक ठाऊक नव्हता. पण आवाज असा, की खालच्या दुकानातले तागे थरथरायचे.

डाव सुरू झाला आणि खरंच, कल्याणप्पा खेळले झकास! अण्णांची प्यादी टिपली, उंट टिपला, वजीर पार त्यांच्या राजाच्या उंबऱ्यावर नेऊन बसवला. आता फक्त एक चाल. अण्णांनी काहीही खेळावं, पुढच्या खेपेला मात ठरलेली!

अण्णा पटाकडं बघत राहिले. मग त्यांनी डोळेच मिटले.

'संपला गडी!' कल्याणप्पांना मनातून गुदगुल्या झाल्या. फेटा कसा बांधून घ्यावा, तुरा डावीकडं की उजवीकडं, घरी गेल्यावर बायको रुद्रम्मा काय म्हणेल... असा विचार चालला असताना त्यांची नजर सहज आपल्याच हत्तीवर गेली आणि तिथंच खिळली. अण्णांचा उरलेला उंट कोपऱ्यातून तिरका थेट हत्तीवर डोळा लावून बसलेला!

'शिवा शिवा! ह्यानं उंटानं हत्ती मारला तर? मात तर मी देईनच, पण मिशी?'

हात आपोआप मिशीवर गेला. वीस वर्षं तेल पाजून वाढवलेली मिशी! भर बाजारात! न्हाव्यासमोर!

नेमक्या त्याच वेळी खाली रस्त्यावर बार्शीची कोळशावर चालणारी मोटर तोफेसारखी फाडकन वाजली आणि बंद पडली. झालं! पेशकारसाहेबांसकट सगळी माडी खिडकीला लोंबकळली. अण्णांचे डोळे मिटलेलेच. कल्याणप्पांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं... आणि एका बोटानं हत्ती हळूच एक घर सरकवला. राजाच्या अगदी कुशीत! जन्मात पहिल्यांदाच लबाडी. कानशिलं तव्यासारखी तापली.

मंडळी परत येऊन बसली. अण्णांनी डोळे उघडले. पटाकडं बघितलं. कल्याणप्पांकडं बघितलं. मग पुन्हा पटाकडं. आणि सावकाश घोडा उचलून ठेवला.

"शह."

कल्याणप्पा हसले. राजा हलवायला बोट पुढं केलं आणि ते अधांतरीच राहिलं. राजापुढं स्वतःची प्यादी, कुशीत स्वतःचाच हत्ती! पाय ठेवायला घर नाही. घोडा मारावा, तर त्या घरावर पहारा होता एकाचाच. त्याच हत्तीचा. जुन्या जागेवरून!

"मात हाय," अण्णा खालच्या आवाजात म्हणाले.

 पेशकारसाहेबांनी फेट्याला हात घालायच्या आत बंडप्पा उठला.

"थांबा! हत्ती तितं न्हवता! म्या सोता बगितला, एक घर अल्याड हुता!"

"व्हय, व्हय! अल्याड हुता!" चार आवाज उठले.

"ह्या म्हाताऱ्यानं सरकवला! आमी खिडकीत गेलो आन् ह्यानं हात मारला!"

"बडे मियाँ," पेशकारसाहेबांचा चेहरा कडक झाला, "ये क्या सुन रहा हूँ?"

अण्णांनी बोलायला तोंड उघडलं, तर माडीभर कालवाच सुरू झाला. येरमाळ्याहून त्यांच्याबरोबर आलेली माणसं माना खाली घालून बसली. कुणीतरी "चोर!" म्हटलं. बंडप्पानं तर म्हाताऱ्याच्या दंडाला धरलं.

कल्याणप्पांना वाटलं, जमीन फाटावी आणि आपण पटासकट आत जावं. गप्प बसलं तर फेटाही मिळतो, मिशीही राहते. पण धरलेला तो सुरकुतलेला दंड काही बघवेना.

"सोड त्यांना!" ते किंचाळले. "हत्ती मी सरकवला! मी! माझ्या हातानं!"

 कल्याणप्पा खाली मान घालून शिव्यांची वाट बघत राहिले.

"बगितलं?" बंडप्पानं दोन्ही हात वर केले. "म्हाताऱ्याची अब्रू झाकाय दाजीनं सोतावर घेतलं!"

"अरे, खरंच मी..."

"काय ह्ये मन! हरला, पर दुश्मनाला सांबाळला!"

"बंडप्पा, गाढवा, ऐक! हे माझं बोट! ह्या बोटानं..."

"बस, बस!" पेशकारसाहेबांनी डोळ्याला रुमाल लावला. "जीत बुजुर्गांची कायम. कुणी त्यांना काही म्हणायचं नाही. पण असा दिल मी साऱ्या जिल्ह्यात पाहिला नाही. फेटा मात्र ह्यांनाच!"

कल्याणप्पांनी डोकं मागं घेतलं, हात जोडले, पळायला जिना शोधला. जितकं नाही म्हणावं तितका टाळ्यांचा कडकडाट वाढे! शेवटी चौघांनी धरलं आणि फेटा बांधला. तुरा उजवीकडं आला.

खाली अण्णा बैलगाडीत बसत होते. कल्याणप्पा गर्दीतून धडपडत त्यांच्यापाशी गेले.

"अण्णा, तुम्ही तरी खरं माना. मीच सरकवला होता."

"ठावं हाय की," अण्णा म्हणाले. "पट मला पाठ हुता. डोळं उगडलं आन् लगीच दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

अण्णा जरा ओशाळले. "बोलणारच हुतो. पर म्होरं मात दिसली. म्या बी माणूसच, शेटजी."

"आणि डोळे मिटून एवढा वेळ विचार कसला करत होता?"

"विचार कसला! हरलो हुतो की म्या. उंटानं तुमचा हत्ती मारावा म्हनलं, तर हरता हरता पोरखेळावानी दिसंल. उगी तुमच्या मिशीची थट्टा हुईल. म्हून हत्तीला हात न लावता हार मानावी, त्ये कसं बोलावं एवढंच जुळवत हुतो."

गाडी निघून गेली. जरीचा फेटा डोक्यावर घेऊन कल्याणप्पा धुळीत उभे होते, आणि माडीवरून बंडप्पाचा आवाज आला,

"दाजी, हालू नगा! मिरवणुकीला वाजंत्री बोलावलीया!"