आधीच्याही आधी

सकाळी सव्वासात वाजता गेट क्रमांक अकरासमोर प्रवाशांची रांग लागली. विमान अजून आलेले नव्हते. ते ज्या शहरातून यायचे होते तिथूनही, हाती आलेल्या माहितीनुसार, निघालेले नव्हते. तरी रांग लागली आणि लागताच तिच्यात वाद सुरू झाला. म्हणजे ती रीतसर लागली होती असे म्हणायला हरकत नाही.

रांगेत एका दैनिकाचे उपसंपादक उभे होते. वय पन्नाशीच्या पुढे, हातात बोर्डिंग पास, पासवर क्रमांक बी-पंचवीस. कचेरीत त्यांना 'काटेकोर' म्हणत. शीर्षकातला आकडा आणि बातमीतला आकडा जुळला नाही तर छपाई थांबवणारा हा माणूस. याच गुणाला घरी 'कटकट' म्हणत.

रांगेपासून चार हातांवर, सी लिहिलेल्या खांबाखाली, एका खुर्चीत त्यांची आत्या बसली होती. एका डोळ्यावर पट्टी, मांडीवर पिशवी. दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन उद्या, विमान जिथे जायचे होते त्या शहरातल्या इस्पितळात होते. सही करायला घरचे माणूस लागेल, असे इस्पितळाने बजावले होते. नंतर कितपत दिसेल, असे विचारल्यावर डॉक्टर "बघू" म्हणाले होते.

"तुम्ही बघाल हो," आत्या म्हणाली होती. "माझं काय?"

घरी आल्यावर तिने भाच्याला सांगितले, "छोट्या, जन्मभर ढग खालून बघितले. एकदा वरून बघू दे. मला खिडकी मिळव. आणि तू शेजारी बस, त्या डब्यात एकटीला माझा जीव घाबरा होईल."

मागणी एवढीच होती. एक खिडकी, आणि खिडकीशेजारी भाचा.

या कंपनीच्या विमानात आसनांना क्रमांक नसत. ज्याचा क्रम आधी त्याने आधी चढावे आणि हवी ती जागा घ्यावी, असा सुटसुटीत नियम होता. क्रम कसा ठरतो हे सांगणारा नियम मात्र सुटसुटीत नव्हता. भाडी तीन प्रकारची: साधे, सोयीचे आणि सन्मानाचे. चेक-इन आदल्या दिवशी सुरू होई, आणि जो आधी चेक-इन करील त्याला आधीचा क्रमांक मिळे. क्रमांकांचे ए, बी आणि सी असे गट होते, आणि ज्याने त्याने आपापल्या गटाच्या खांबाखाली उभे राहायचे होते. पण जादा पैसे भरले तर चेक-इन सुरू होण्यापूर्वीच कंपनी तुमचे चेक-इन उरकून टाकी. याला 'अग्रिम चेक-इन' म्हणत. दार उघडण्यापूर्वी आत शिरण्याची ही अधिकृत सोय होती.

उपसंपादकांनी सर्व अटी तळटिपांसकट वाचल्या. वेलांटीच्या दोन चुका काढून त्या कंपनीला कळवल्या. मग त्यांनी विचार केला, दोघांसाठी अग्रिम कशाला? आपण चपळ, आत्या सावकाश. आपण पुढे जाऊन खिडकी धरू, आत्या मागून येईल. त्यांनी स्वतःसाठी अग्रिम घेतले, आत्यासाठी घेतले नाही. म्हणजे जिला खिडकी हवी होती ती शेवटच्या गटात आणि ज्याला नको होती तो तिच्या पुढे, अशी व्यवस्था झाली. यात काही चुकते आहे हे त्यांच्या लक्षात आले नाही, कारण ती वेलांटीची चूक नव्हती.

इथे एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. थोड्याच दिवसांपूर्वी उपसंपादकांनी 'रुमालशाही' नावाचा लेख लिहिला होता. बसमध्ये, सभागृहात, बागेतल्या बाकावर रुमाल टाकून जागा अडवणाऱ्यांची त्यात सालटी काढली होती. 'जागा धरणे ही चोरीच आहे. ती सख्ख्या नातलगासाठी केली म्हणून तिचे पुण्य होत नाही,' असा त्याचा शेवट होता. त्यांच्या कोणत्याही लेखाला आली नसतील इतकी वाचकांची पत्रे त्याला आली. आत्याची खिडकी या लेखाच्या कक्षेत येत नाही, असे त्यांचे मत होते. ती रुमालाने धरायची नव्हती, देहाने धरायची होती.

"तुमचा कितवा?" पुढच्या गृहस्थांनी वळून विचारले. ते विमा एजंट होते; सूट, चाकांची बॅग आणि दोन फोन.

"बी-पंचवीस. अग्रिम घेतलंय," उपसंपादक जरा मान उंचावून म्हणाले.

"अहो, अग्रिम तर सगळ्यांनीच घेतलंय. भाडं कुठलं?"

"साधं."

"अरेरे," विमा एजंट म्हणाले. पॉलिसी न काढता गेलेल्या माणसाबद्दल हळहळावे तसे ते हळहळले.

उपसंपादक तडक काउंटरवर गेले. काउंटरवरच्या बाईने पास पाहिला आणि नियम सांगितला. अग्रिमवाल्यांत आधी सन्मानाचे भाडेवाले, मग सोयीचे, मग साधे. साध्यांत ज्याने अग्रिमचे पैसे आधी भरले तो आधी.

"पण मी सगळ्यांच्या आधी चेक-इन व्हावं म्हणूनच पैसे भरलेत!"

"झालंय ना, साहेब. सगळ्यांच्या आधी झालंय."

"मग माझ्यापुढे एवढे लोक कसे?"

"त्यांचंही सगळ्यांच्या आधी झालंय."

या उत्तरात उपसंपादकांना चूक काढता आली नाही. ती काढता न येणे त्यांना फार लागले.

"'अग्रिमपूर्व' घेता का?" बाईने सुचवले. "ते अग्रिमच्या आधी असतं."

त्यांनी घेतले. पासवर ए गटातला शेवटचा क्रमांक उमटला. ते खांब बदलून उभे राहतात तोच विमा एजंटांनी त्यांच्या पासात डोकावून पाहिले आणि एक फोन कानाला, दुसरा बोटाला लावला. मग त्यांच्या पुढच्याने पाहिले, त्याच्या पुढचीने पाहिले. रांगेभर फोन किणकिणू लागले. कंपनीने मागणी ओळखून 'अग्रिमपूर्व विशेष' काढले, तेही खपले. उपसंपादकांनी तेही घेतले. आता ते पुन्हा सर्वांच्या मागे होते, पण ए गटात. बढती झाली होती, फक्त पाऊल पुढे पडले नव्हते.

"छोट्या, पाणी पी," खुर्चीतून आत्या म्हणाली. "आणि बस की जरा. विमान आलं की ओरडतील ना?"

"आत्या, मी बसलो तर क्रम जाईल."

"कुठे जाईल? गाडीच आली नाही अजून."

विमान आले तेव्हा गेटवर पुढील परिस्थिती होती. आत्या सोडून सर्व प्रवासी ए गटात होते. ए गटाच्या खांबाला, जत्रेत हरवलेले मूल सापडल्यावर आईने धरावे, तशी माणसे चिकटली होती. सगळ्यांचे पास विशेष होते, त्यामुळे कोणीच विशेष नव्हते. "आधी मी" आणि "मी आधीपासून" असे दोन पक्ष पडले होते. बी गटाच्या खांबाखाली कोणी नव्हते.

काउंटरवरच्या बाईने नियम पाहिला. 'एखाद्या गटात क्रमाबाबत वाद झाल्यास तो मिटेपर्यंत पुढचा गट घ्यावा.' तिने ध्वनिवर्धकावरून बी गटाला बोलावले. कोणी आले नाही. मग तिने सी गटाला बोलावले.

"मला म्हणतायत वाटतं," आत्या उठली. उपसंपादकांजवळून जाताना ती थांबली. "तुझी जागा धरते हं. रुमाल टाकते शेजारी."

"आत्या, जागा धरणं नियमात बसत नाही."

"नियमात नको बसूस. माझ्या शेजारी बस."

आणि जिने काहीही घेतले नव्हते ती बाई सर्वांच्या आधी विमानात गेली.

ए गटातला वाद त्याच क्षणी मिटला. आपापसात भांडणारे सगळे एक झाले. "हा अन्याय आहे!" विमा एजंट गरजले. त्यांनी तक्रार लिहून काढली आणि सह्या गोळा करू लागले. उपसंपादकांपाशी आल्यावर ते थबकले. "तुम्ही 'रुमालशाही'वाले ना? अहो, मी वाचक आहे तुमचा! लेख जपून ठेवलाय." त्यांनी फोन काढला आणि शेवटचे वाक्य खणखणीत आवाजात वाचले. रांगेतल्या बऱ्याच माना हलल्या. काहींनी तो आधीच वाचलेला होता. "सगळ्यांच्या वर सही तुमचीच हवी. तुमच्याइतकं काटेकोर कोण?"

हातात पेन आले. तक्रारीत 'एक वृद्ध महिला' असे शब्द होते. उपसंपादकांनी ते खोडून वर 'माझी आत्या' असे लिहिले आणि सही न करता कागद परत दिला. सगळ्या कारकिर्दीत अपूर्ण मजकूर त्यांनी प्रथमच पुढे जाऊ दिला.

"त्यांना खाली उतरवा!" विमा एजंट काउंटरवर म्हणाले. "आणि मागून चढवा."

"तशी गरज नाही," काउंटरवरची बाई म्हणाली. "ए गटातलं कोणी आपला क्रमांक त्यांना दिला तर तक्रार निकालात निघते. त्या आधी चढल्यात, क्रमांक मागून चढेल. देणाऱ्याला सी गटातला शेवटचा मिळेल."

उपसंपादकांनी पास काउंटरवर ठेवला. एवढे करून मिळवलेला क्रमांक शेवटी आत्याच्याच कामी आला, याचे त्यांना बरे वाटले. तो सुरुवातीलाच तिच्यासाठी घेतला असता तर, हा विचार त्यांनी पुढच्या आवृत्तीवर टाकला.

"तिची खिडकी तिच्याकडेच राहील ना?"

"राहील हो. खिडक्या भरपूर आहेत. दोन-दोन आसनांच्या रांगा, आणि विमान आज निम्मं रिकामं. एकेक जण बसला तर सगळ्यांना खिडकी."

"मग हे अग्रिम, अग्रिमपूर्व, विशेष?"

"ते क्रमाचं आहे, साहेब. जागेचं नाही."

ए गट आत गेला. गेट शांत झाले. उपसंपादक सी गटाच्या खांबाखाली, आत्याच्या खुर्चीत बसले. खुर्ची चांगली होती. तेवढ्यात फोन वाजला.

"छोट्या, खिडकी मिळाली रे. पहिल्याच रांगेत. ढग नाहीत अजून, एक माणूस टायर बघतोय."

"आणि रुमाल?" आपण काय विचारतो आहोत ते विचारून झाल्यावर त्यांच्या लक्षात आले.

"टाकला होता की. पण एक सूटवाले आले. म्हणाले, जागा धरता येत नाही, पेपरात आलंय. मी म्हटलं, पेपरात तर माझा भाचाही लिहितो."

"मग?"

"मग बसले. रुमालावरच."

"त्यांना म्हणावं, मागे खूप जागा आहे."

"म्हटलं. तर म्हणतात, मागे दोन धरून ठेवल्यात, ही नाही आवडली तर जाईन. इथे सगळ्यांनीच शेजारी काहीतरी ठेवलंय रे. कुणी कोट, कुणी स्वेटर. एकाने तर तुझा पेपर उघडून ठेवलाय."

काउंटरवरच्या बाईचा फोन वाजला. तिने ऐकले आणि उपसंपादकांकडे पाहिले. विमानात मोजणी झाली होती. ज्या आसनावर माणूस किंवा वस्तू आहे ते भरलेले समजावे, असा मोजणीचा नियम होता.

"साहेब, विमान भरलंय."

"निम्मं रिकामं होतं ना?"

"ते चढण्यापूर्वी."

आत घोषणा करण्यात आली. बाहेर एक प्रवासी उरला आहे, तरी कोणीतरी कृपया शेजारची वस्तू उचलावी. आत्याने फोन चालूच ठेवला होता, त्यामुळे पुढचा वृत्तांत थेट मिळत गेला.

"कोणी उचलत नाहीये, छोट्या. कोटवाला स्वेटरवालीकडे बघतोय. तुझा पेपरवाला म्हणतो, सुरुवात रुमालापासून करा."

"आणि सूटवाले?"

"ते म्हणतात, कुठे आहे रुमाल? मला तर दिसत नाही." आत्या थांबली. तिचा आवाज खाली आला. "तू येतोयस ना रे? उद्या सही कोण करणार?"

"येतो, आत्या. माझ्यापुढे रांगेत कोणीच नाही."

हे वाक्य त्यांनी कित्येक दिवस मनाशी घोळवले होते. आज ते अक्षर न् अक्षर खरे होते.

"साहेब," काउंटरवरची बाई हलक्या आवाजात म्हणाली, "अशा वेळेसाठी 'अंतिम अग्रक्रम' असतो. घेता का?"

"तळटीप आहे का त्याला?" उपसंपादकांनी विचारले आणि खिशातून चष्मा काढला.

शेवटचे वृत्त हाती आले तेव्हा विमानाचे दार उघडे होते, उपसंपादक दुसऱ्या तळटिपेवर होते, आणि आत्या एका डोळ्याने खिडकीबाहेर बघत होती. रुमाल होता तिथेच होता. 'रुमालशाही' आवडल्याचे ज्या वाचकांनी कळवले होते, त्यांनी हा मजकूर वाचताना आपल्या शेजारच्या खुर्चीवर काय ठेवले आहे ते पाहून घ्यावे. उचलायची घाई नाही. आधी दुसऱ्याला उचलू द्यावे.